क्लॉकची वायर कुठंय? टू-एमबी लाइनवर नव्याने काम करणाऱ्यांसाठी

टू-एमबीची लाइन, म्हणजे सेकंदाला सुमारे दोन मेगाबिट नेणारी टेलिफोनची डिजिटल लाइन, पहिल्यांदा जोडायला घेतली की नवीन आलेला हमखास विचारतो, "ही डेटा जायची जोडी, ही यायची जोडी, मग क्लॉकची वायर कुठंय?" प्रश्न अगदी योग्य आहे. उत्तर असं की क्लॉकची वायर नसतेच. समोरचं यंत्र कोणत्या ठेक्यावर बिट पाठवतंय, हे आलेल्या पल्समधूनच ओळखून काढावं लागतं. ते ओळखता यावं म्हणून बिट वायरीवर कोणत्या आकारात टाकायचे, याचे जे नियम आहेत त्यांना लाइन कोडिंग म्हणतात. भारतात आपण जी ई-वन लाइन वापरतो, जिला सगळे टू-एमबी म्हणतात, तिचा लाइन कोड म्हणजे एचडीबी-३. तो आधी कागदावर हाताने करून बघा, मग रॅककडे जा. उलट्या क्रमाने शिकणारे सेटिंगची नावं पाठ करतात आणि पहिल्याच विचित्र फॉल्टला अडकतात.

आधी आकडे

फोनवरचा आवाज सेकंदाला ८००० वेळा मोजला जातो आणि प्रत्येक मोजणीचे ८ बिट होतात, म्हणून एका संभाषणाला ६४ किलोबिट लागतात. असे ३२ टाइमस्लॉट एकापाठोपाठ बसवले की २०४८ किलोबिट होतात. बत्तीसातला शून्य क्रमांकाचा टाइमस्लॉट फ्रेमची सुरुवात ओळखण्यासाठी राखलेला असतो, सोळावा बहुधा सिग्नलिंगसाठी, आणि उरलेले तीस बोलण्यासाठी. एक फ्रेम २५६ बिटांची, १२५ मायक्रोसेकंदांची.

याचा अर्थ एका बिटाच्या वाट्याला ४८८ नॅनोसेकंद येतात. तेवढ्या वेळात घेणाऱ्याने बरोबर मधोमध डोकावून "पल्स आहे की नाही" हे ठरवायचं असतं.

आता समजा घेणाऱ्याचं क्रिस्टल, म्हणजे त्याच्या यंत्रातला ठेका देणारा भाग, पाठवणाऱ्यापेक्षा ५० पीपीएमने, म्हणजे दहा लाखांत पन्नासने, पुढे पळतंय. ई-वनला तेवढी सूट मानकातच आहे, ते क्रिस्टल काही खराब नव्हे. तरीही १०,००० बिटांनंतर त्याची नजर अर्धा बिट सरकलेली असते आणि तो बिटाच्या मधोमध न बघता कडेवर बघू लागतो. दहा हजार बिट ऐकायला पुष्कळ वाटतात, पण वेळात मोजले तर जेमतेम ५ मिलिसेकंद. म्हणून घेणारा स्वतःच्या क्रिस्टलच्या भरवशावर राहत नाही. दर पल्सच्या कडेवर तो आपलं घड्याळ किंचित मागे-पुढे करून घेतो.

हे काम जुन्या यंत्रांत कॉइल आणि कपॅसिटरचं ट्यून केलेलं सर्किट करायचं. आता त्या जागी पीएलएल (फेज-लॉक्ड लूप, आलेल्या ठेक्याला जुळवून धरणारं सर्किट) असतो. ट्यून सर्किटची वागणूक झोपाळ्यासारखी. ठरावीक वेळाने धक्का मिळत राहिला की तो आपल्या लयीत झुलत राहतो. दोन-तीन धक्के चुकले तरी लय टिकते. पण कुणी धक्का द्यायचंच थांबलं की झोका मंदावत जातो. इथे धक्का म्हणजे पल्स. सगळ्या लाइन कोडिंगचा खटाटोप हा धक्के चुकू नयेत म्हणून आहे.

पायरी १: आलेखाच्या कागदावर एएमआय

चौकटीचा कागद घ्या, एक चौकट म्हणजे एक बिट. सगळ्यात सोपी कल्पना अशी की १ ला व्होल्टेज, ० ला काही नाही. काढून बघा. १ एकापाठोपाठ आले की रेघ वरच राहते, ० आले की खालीच राहते. दोन्हीकडे कड दिसत नाही. शिवाय अशा सिग्नलमध्ये डीसी, म्हणजे एकाच बाजूचं स्थिर व्होल्टेज, साचतो, आणि दोन्ही टोकांना ट्रान्सफॉर्मर बसलेले असतात. ट्रान्सफॉर्मरमधून डीसी जात नाही, त्यामुळे पलीकडे सिग्नलची पातळी ढळत राहते.

एएमआय (अल्टरनेट मार्क इन्व्हर्जन) या पद्धतीत दोन सुधारणा आहेत. पहिली, १ साठी पल्स द्यायची ती फक्त अर्ध्या बिटापुरती, २४४ नॅनोसेकंद. मग कितीही १ सलग आले तरी प्रत्येकाची कड वेगळी दिसते. दुसरी, पल्स आळीपाळीने धन आणि ऋण द्यायची. एक वर, पुढची खाली, मग पुन्हा वर. बेरीज शून्य, डीसी गेला. ० ला मात्र अजूनही काहीच पाठवायचं नाही.

आळीपाळीचा आणखी एक फायदा असा की लागोपाठ दोन पल्स एकाच बाजूच्या आल्या तर मध्ये काहीतरी बिघडलंय हे लगेच कळतं. याला बायपोलर व्हायोलेशन म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, एचडीबी-३ याच नियमभंगाचा मुद्दाम वापर करतो.

पायरी २: शून्यांची रांग

एएमआयचं दुखणं सरळ आहे, ० सलग आले की वायर गप्प.

१९६२ साली अमेरिकेत बेल सिस्टीमने टी-वन लाइन सुरू केली तेव्हा ती एएमआयवरच होती, आणि वाटेत साधारण सहा-सहा हजार फुटांवर मॅनहोलमध्ये रिपीटर, म्हणजे पल्स नव्याने उभ्या करून पुढे पाठवणारी यंत्रं, होते. प्रत्येक रिपीटर आलेल्या पल्समधूनच घड्याळ काढायचा. आठही बिट शून्य असलेला बाइट आला की त्यातला एक बिट जबरदस्तीने १ करून पाठवायचे. आवाजात हा फरक कानाला कळत नाही. डेटात कळतो. म्हणून तिथे कित्येक वर्षं ६४ किलोबिटच्या चॅनलवर डेटासाठी ५६ च वापरायचे. पुढे त्यांनी बी-८-झेड-एस आणला. तो आठ शून्यांच्या जागी ठरलेली खूण टाकतो.

आपल्याकडे आवाजाची मोजणी ८ बिटांत बसवायची जी ए-लॉ पद्धत आहे, तिच्यात या दुखण्यावर एक छोटा उपाय आधीच दडलेला आहे, आणि मला तो फार आवडतो. आवाजाचे ८ बिट तयार झाले की त्यांतले एकाआड एक बिट उलटे करूनच पुढे पाठवतात. फोनवर दोन्हीकडे शांतता असली तरी वायरीवर शून्यांची रांग न जाता ११०१०१०१ किंवा ०१०१०१०१ असं जातं. म्हणजे गप्प बसलेला माणूसही घड्याळाला धक्के देत राहतो! पण त्याच लाइनवर डेटा घातला की ही सोय संपली. डेटात कितीही शून्यं सलग येऊ शकतात आणि त्यांना हात लावायची परवानगी नसते.

पायरी ३: एचडीबी-३ हाताने करा

नाव 'हाय डेन्सिटी बायपोलर', आणि ३ म्हणजे तीनपेक्षा जास्त शून्यं सलग जाऊ द्यायची नाहीत. चार शून्यं दिसली की त्या चौकडीच्या जागी दोनपैकी एक खूण टाकायची: ०००व्ही किंवा बी००व्ही.

बी म्हणजे आळीपाळीचा नियम पाळणारी पल्स. व्ही म्हणजे नियम मोडणारी, आधीच्या पल्सच्याच बाजूची. कोणती खूण केव्हा टाकायची? मागच्या व्हीनंतर किती पल्स गेल्या ते मोजा. विषम असतील तर ०००व्ही. सम असतील तर बी००व्ही, शून्यही समच. असं केल्याने व्ही पल्ससुद्धा आपसात आळीपाळीने धन-ऋण होत जातात आणि डीसी पुन्हा साचत नाही. नियम डोळ्यांनी वाचून पटत नाही, म्हणून पेन्सिल घ्या.

समजा नुकतीच एक व्ही पल्स गेली आणि ती ऋण होती. पाठवायचे बिट असे:

१ ० १ १ ० ० ० ० ० ० ० ० १ १ ० ० ० ० १

पहिल्या चार बिटांत तीन पल्स जातात: + ० − +. पुढे चार शून्यं. मागच्या व्हीनंतर तीन पल्स गेल्यात, विषम, म्हणून ०००व्ही. शेवटची पल्स धन होती, म्हणून व्हीही धन: ० ० ० +. मोजणी पुन्हा शून्यावर.

लगेच आणखी चार शून्यं. आता मोजणी शून्य, म्हणजे सम, म्हणून बी००व्ही. शेवटची पल्स धन, म्हणून बी ऋण, आणि व्ही बीच्याच बाजूची: − ० ० −.

मग दोन १: + −. पुन्हा चार शून्यं आली, दोन पल्स गेल्यात, सम: + ० ० +. शेवटचा १ ऋण. वायरीवर गेलं ते असं:

\+ ० − + ० ० ० + − ० ० − + − + ० ० + −

साध्या एएमआयमध्ये इथे सहा पल्स गेल्या असत्या आणि मध्ये आठ बिट, म्हणजे ३.९ मायक्रोसेकंद, पूर्ण सामसूम राहिली असती. आता अकरा पल्स आहेत आणि तीनपेक्षा जास्त शून्यं कुठेच सलग नाहीत. धन सहा, ऋण पाच. सुरुवातीला गृहीत धरलेली ऋण व्ही धरा, हिशेब बरोबर शून्य.

आता घेणाऱ्याच्या खुर्चीत बसा. त्याला मूळ बिट माहीत नाहीत. त्याचा नियम एका वाक्याचा आहे: आधीच्या पल्सच्याच बाजूची पल्स दिसली की ती आणि तिच्या आधीच्या तीन जागा शून्य करून टाक. वरच्या ओळीत आठव्या, बाराव्या आणि अठराव्या जागेवरची पल्स नियम मोडताना सापडेल. तिन्ही ठिकाणी चार-चार जागा पुसा, उरलेल्या पल्स १ धरा, मूळ बिट परत मिळतात. न मिळाले तर बहुतेक वेळा बी पुसायचा राहिलेला असतो.

आणखी तीन-चार ओळी स्वतः लिहून करा. निदान सोळा सलग शून्यांची एक तरी.

पायरी ४: रॅकसमोर

केबल दोन प्रकारची भेटते. ७५ ओहमची कोअ‍ॅक्स, बीएनसी कनेक्टरवर, पल्सची उंची २.३७ व्होल्ट. किंवा १२० ओहमची तांब्याची जोडी, क्रोनवर (तारा दाबून बसवायच्या पट्टीवर) किंवा आरजे-४५ वर, ३ व्होल्ट. एक बाजू ७५ ची आणि दुसरी १२० ची असेल तर मध्ये बालन (दोन्ही प्रकार जुळवून देणारा छोटा ट्रान्सफॉर्मर) लावायचा, थेट वायर जोडायची नाही. थेट जोडलेली लाइन चालल्यासारखी दिसते, पण सिग्नल परत उसळतो आणि पल्सच्या कडा बिघडतात. घड्याळ त्या कडांवरच उभं आहे.

जोडीतल्या दोन तारा उलट्या बसल्या तर घाबरू नका. धन-ऋण अदलाबदल झाली तरी एचडीबी-३ ला फरक पडत नाही, त्याला फक्त बदल आणि नियमभंग बघायचा असतो. पण टीएक्स (पाठवायची) आणि आरएक्स (घ्यायची) या जोड्या उलट्या झाल्या तर लाइन येणारच नाही. डीडीएफवर (सगळ्या केबल जिथे एकत्र येऊन जोडल्या जातात त्या चौकटीवर) लिहिलेलं 'टीएक्स' कुणाच्या बाजूने लिहिलंय हे विचारून घ्या. मी आजवर जितका वेळ या एका शब्दात घालवलाय तितका एचडीबी-३ शिकण्यात घालवला नाही.

मग सेटिंगमध्ये लाइन कोड. दोन्ही टोकांना एचडीबी-३ हवा. एकीकडे चुकून एएमआय राहिला तर फॉल्ट फसवा असतो. ए-लॉमुळे आवाजात शून्यांच्या रांगा कमी, त्यामुळे लाइन उठते, कधी बोलणंही होतं. एएमआयवर ठेवलेलं टोक समोरून आलेल्या प्रत्येक व्हीला चूक म्हणून मोजतं आणि बी-व्हींना खरे १ समजून वाचतं. काउंटरमध्ये कोड व्हायोलेशन भराभर वाढताना दिसले आणि अलार्म मात्र नसला, तर केबल बदलायच्या आधी ही सेटिंग बघा.

तपासणीसाठी लूप देऊन (पाठवलेलं परत आपल्याकडेच वळवून) बीईआर टेस्टर, म्हणजे चुकलेले बिट मोजणारं यंत्र, लावाल तेव्हा पॅटर्न सगळे १ असा ठेवू नका. सगळे १ म्हणजे प्रत्येक बिटाला धक्का, त्यात आजारी लाइनही धडधाकट दिसते. २ च्या १५ व्या घाताचा पीआरबीएस (विस्कळीत भासणारा पण ठरलेला बिटांचा क्रम) ठेवा, त्यात शून्यांच्या लांब रांगाही येतात. पाच मिनिटं सगळी शून्यं पाठवूनही बघा.

पायरी ५: घड्याळ मिळालं, पण कुणाचं?

इथवर जे झालं त्याने एवढंच साधलं की घेणाऱ्याला पाठवणाऱ्याचा ठेका कळला आणि बिट बरोबर वाचले गेले. पण वाचलेले बिट त्याला पुढे स्वतःच्या ठेक्यावर चालवायचे असतात. तो ठेका वेगळा असेल तर मधल्या बफरमध्ये बिट साचत जातात किंवा कमी पडत जातात, आणि शेवटी एक अख्खी फ्रेम टाकून द्यावी लागते किंवा दोनदा पाठवावी लागते. याला स्लिप म्हणतात. हिरवा दिवा लाइन कोडचं काम झाल्याचं सांगतो, स्लिपबद्दल तो काहीच सांगत नाही.

एका कारखान्यात ईपीएबीएक्सला (आतल्या फोनांच्या छोट्या एक्स्चेंजला) पीआरआय लाइन, म्हणजे टू-एमबीवरच चालणारी फोनची लाइन, होती. बोलणं व्यवस्थित, कधीतरी बारीक 'टक्' व्हायचं. फॅक्स मात्र अर्ध्या पानावर तुटायचा. आम्ही दोन दिवस फॅक्स मशीनलाच शिव्या घातल्या, कनेक्टर बदलले, जोडी बदलली. कोड व्हायोलेशन शून्य होते, म्हणून लाइनवर शंकाच नव्हती. तिसऱ्या दिवशी स्लिपचा काउंटर उघडला, तर साधारण दर ८ सेकंदांनी एक आकडा वाढतोय. एक फ्रेम १२५ मायक्रोसेकंदांची, भागिले ८ सेकंद, म्हणजे सेकंदाला साडेपंधरा मायक्रोसेकंदांचा फरक, साडेपंधरा पीपीएम. दोन स्वतंत्र क्रिस्टलांत असतो तेवढाच. दोन्ही टोकं 'इंटर्नल' क्लॉकवर होती. ग्राहकाचं टोक 'लाइन'वर केलं, काउंटर जागेवर थांबला.

म्हणून नियम असा: ज्याचं घड्याळ नेटवर्कच्या मूळ घड्याळाला बांधलेलं आहे ते टोक मास्टर, म्हणजे सहसा सेवा देणारी कंपनी. दुसरं टोक 'लाइन', काही यंत्रांवर त्याला 'रिकव्हर्ड' किंवा 'स्लेव्ह' लिहिलेलं असतं. दोन्ही टोकं 'लाइन'वर ठेवणंही तितकंच वाईट. मग दोघं एकमेकांकडे बघून चालतात आणि ठेका दोघांना मिळून कुठेही वाहवत जातो.

फरकाचा अंदाज असावा म्हणून: ५० पीपीएम फरक असेल तर दर अडीच सेकंदांनी स्लिप. नेटवर्कच्या मूळ घड्याळांची चूक १०० अब्जांत एकपेक्षा जास्त असू नये असं मानक आहे. अशी दोन घड्याळं उलट दिशांना पुरेपूर चुकली तरी स्लिप साधारण ७२ दिवसांनी एक.

अलार्मांपैकी दोन इथे महत्त्वाचे. एलओएस म्हणजे पल्सच येत नाहीत. एचडीबी-३ मध्ये चौथं शून्य कधी येतच नाही, त्यामुळे लांब शांतता म्हणजे नक्की फॉल्ट, संशयाला जागा नाही. एआयएस म्हणजे मागच्या यंत्राकडे पाठवायला काही नाही, म्हणून ते सगळे १ पाठवतंय. १ च का? पुढच्या यंत्रांचे पीएलएल कुलूपबंद राहावेत म्हणून. पण हे १ त्या मधल्या यंत्राच्या स्वतःच्या क्रिस्टलवर येत असतात, म्हणून एआयएस असलेली लाइन क्लॉकसाठी वापरायची नाही. चांगली यंत्रं ती आपोआप सोडून दुसऱ्या क्रमांकाच्या लाइनवर जातात, अर्थात दुसरा क्रमांक कुणी भरून ठेवला असेल तर.

टू-एमबी गेली तरी

आता टॉवरवर इथरनेट आलंय, तर हे सगळं कशाला, असं कुणीतरी म्हणेलच. जीएसएमच्या बीटीएसला, म्हणजे टॉवरच्या रेडिओ यंत्राला, हवेतली फ्रिक्वेन्सी ०.०५ पीपीएमच्या आत राखावी लागते आणि ती शिस्त त्याला वर्षानुवर्षं टू-एमबीच्या पल्समधूनच मिळत होती. टू-एमबी काढून इथरनेट टाकलं तेव्हा ते फुकटचं घड्याळही गेलं. साधं इथरनेट १०० पीपीएमपर्यंत चुकलेलं चालतं.

इथरनेटलाही लाइन कोड आहेच. जुन्या १० मेगाबिटच्या इथरनेटमध्ये मँचेस्टर कोड होता, प्रत्येक बिटाच्या मधोमध एक कड, म्हणजे धक्का कधीच चुकत नाही, पण बदल्यात दुप्पट बँडविड्थ जायची. शिवाय पाठवायला काही नसलं की वायर गप्प, म्हणून प्रत्येक फ्रेमच्या पुढे १०१०१० अशी ओळ जोडावी लागायची, घेणाऱ्याने तेवढ्यात लय पकडायची. फायबरवरच्या गिगाबिटने दर ८ बिटांचे १० केले. त्या दहांचे गट असे निवडलेत की एकसारखे बिट पाचपेक्षा जास्त सलग येत नाहीत. दहा गिगाबिटला ६४ चे ६६ आणि जोडीला स्क्रॅम्बलर. एसडीएचमध्ये (अनेक टू-एमबी एकत्र नेणाऱ्या मोठ्या लाइनमध्ये) फायबरवर तर नुसता स्क्रॅम्बलर, बिट इतके विस्कटून टाकायचे की लांब रांग लागायची शक्यताच नगण्य.

१०० मेगाबिटपासून पुढच्या या लाइन सहसा रिकाम्या असतानाही गप्प बसत नाहीत, काहीतरी पाठवत राहतात. सिंक-ई, म्हणजे ठेकाही पोचवणारं इथरनेट, याच गोष्टीवर चालतं. पोर्टचा ठेका मूळ घड्याळाला बांधायचा आणि पलीकडच्याने तो पल्समधून काढून घ्यायचा, अगदी टू-एमबीसारखं. वाटेतला एक जरी स्विच सिंक-ई न समजणारा असला तर साखळी तिथेच तुटते. मग पीटीपी लागतो, तो वेळ पॅकेटात लिहून पाठवतो.

काम संपवताना दोन्ही टोकांच्या केबलवर लेबल लावा: समोरचं पोर्ट, ७५ की १२०, लाइन कोड, आणि क्लॉक कुणाकडून. स्लिप आणि व्हायोलेशनचे काउंटर शून्य करा, वेळ लिहून ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा वाचून मगच सही करा.